जुनी तिकिटे बंद करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरसाठी, हौसेने काम करणारे अनेक जण आहेत. कोणी मराठी फाँट तपासून पाहतो, कोणी कन्नड-मराठी लिप्यंतराचे छोटे साधन सांभाळतो, तर कोणी जुन्या छापखान्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची स्क्रिप्ट चालवतो. प्रकल्प लहान असला तरी दोन-तीन वर्षांत इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे त्रुटी आणि मागण्यांच्या नोंदवहीत, तिकिटांचा (अशा एकेका नोंदीचा) ढीग साचतो आणि तो कसा उपसायचा हा प्रश्न प्रत्येकासमोर येतो. मेंटेनरांकडून (प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडून) आणि तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. तिकीट कसे लिहावे हा वेगळा विषय असल्यामुळे तो येथे घेतलेला नाही.

१. तिकीट किती दिवसांचे झाले की त्याला जुने म्हणायचे?

तिकीट कधी उघडले यापेक्षा त्यावर शेवटची हालचाल कधी झाली हे बहुतेक प्रकल्प पाहतात. २०१६ मध्ये उघडलेले, पण गेल्याच महिन्यात कोणीतरी ताज्या आवृत्तीवर पडताळलेले तिकीट जिवंत असते. उलट, आठ महिन्यांपूर्वी उघडलेले आणि मेंटेनरने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न मिळालेले तिकीट व्यवहारात जुने ठरते. कुबरनेटीससारख्या प्रचंड प्रकल्पात ९० दिवस हालचाल नसेल तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, तिकिटाला ‘स्टेल’ (शिळे) असे लेबल लावतो. रोज नवी तिकिटे येणाऱ्या प्रकल्पाला ही मुदत परवडते. दोघा-तिघांनी सुटीच्या दिवशी सांभाळलेल्या साधनाला तीच मुदत लावली, तर सगळीच तिकिटे जुनी ठरतील.

वय हे तिकीट पुन्हा वाचून पाहण्याचे कारण होऊ शकते, बंद करण्याचे नाही. लाँचपॅड या ट्रॅकरवरील उबुंटू या लिनक्स प्रणालीचे पहिले तिकीट तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये उघडले होते. बाजारपेठेतील मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व हीच त्यात त्रुटी म्हणून नोंदवलेली होती. ते तिकीट २०१३ मध्ये त्यांनीच बंद केले आणि तेही परिस्थिती बदलली असे कारण देऊन. मधल्या नऊ वर्षांत ते केवळ जुने झाले म्हणून कोणी काढून टाकले नाही.

२. तिकीट बंद केले म्हणजे ते पुसले गेले का?

नाही. बंद तिकीट शोधात सापडते, त्याचा दुवा चालू राहतो, त्यावरची चर्चा वाचता येते आणि कुलूप घातलेले नसल्यास त्यावर नवी टिप्पणीही लिहिता येते. ते फक्त ‘करावयाची कामे’ या यादीतून बाहेर पडते. तिकीट कायमचे पुसणे ही वेगळी क्रिया आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ती रिपॉझिटरीचे (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याचे) प्रशासकीय अधिकार असलेल्यालाच करता येते आणि पुसलेले तिकीट परत आणता येत नाही. फुकट जाहिराती किंवा चुकून उघड झालेली खासगी माहिती यांखेरीज पुसण्याची वेळ सहसा येऊ नये.

डेबियन या लिनक्स प्रणालीत याच्याही पुढची एक पायरी आहे. तेथील तिकीट बंद होऊन २८ दिवस हालचाल झाली नाही की ते संग्रहात जाते आणि त्यावर काही लिहायचे असल्यास आधी ते संग्रहातून बाहेर काढावे लागते.

३. बंद करण्याची कारणे कोणती मानली जातात?

१९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासाठी पुढे आलेल्या बगझिला या ट्रॅकरने जी कारणे रूढ केली, तीच थोड्याफार फरकाने आजही सगळीकडे चालतात: दुरुस्त झाले, तक्रार गैरलागू आहे, दुरुस्त करणार नाही, हीच तक्रार आधी नोंदली गेली आहे, आमच्याकडे व्यवस्थित चालते आणि माहिती अपुरी आहे. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाच्या ट्रॅकरवर यात आणखी एक उपयुक्त कारण आहे, ते म्हणजे दोष मूळ प्रकल्पात आहे (प्रश्न ९ पाहा). गिटहबवर मात्र बरीच वर्षे तिकीट नुसतेच ‘बंद’ होत असे. २०२२ पासून तेथे ‘पूर्ण झाले’ आणि ‘नियोजनात नाही’ असा भेद करता येऊ लागला.

या भेदाकडे पुष्कळ मेंटेनर दुर्लक्ष करतात आणि सगळी तिकिटे ‘पूर्ण झाले’ या खात्यावर टाकतात, कारण बटणावर आधीपासून तेच निवडलेले असते. त्याचा त्रास पुढे होतो. वर्षभराने एखादा नवा कार्यकर्ता जोडाक्षरांच्या बंद तिकिटांची यादी काढतो, सगळ्यांवर ‘पूर्ण झाले’ असे दिसते आणि हा विषय संपला असे समजून तो निघून जातो. प्रत्यक्षात त्यातली निम्मी तिकिटे कोणी उघडूनही पाहिलेली नसतात. योग्य कारण निवडायला जेमतेम दोन सेकंद लागतात. ते जरूर निवडावे.

४. बंद करताना टिप्पणीत नेमके काय लिहावे?

कशाच्या आधारावर बंद केले, कोणत्या आवृत्तीवर तपासले आणि निर्णय पटला नाही तर तक्रारदाराने काय करावे, या तीन गोष्टी आल्या की टिप्पणी पुरेशी होते. लिप्यंतराच्या साधनावरील तिकिटासाठी एक नमुना असा:

‘आवृत्ती २.३ मध्ये अनुस्वाराचे नियम नव्याने लिहिले आहेत. आपण दिलेली संकेश्वर आणि अंकली ही दोन्ही उदाहरणे त्या आवृत्तीवर चालवून पाहिली, दोन्ही बरोबर येतात. त्यामुळे हे तिकीट पूर्ण झाले म्हणून बंद करत आहे. आपल्याकडे अजूनही चूक दिसत असल्यास आवृत्तीचा क्रमांक आणि मूळ कन्नड शब्द येथेच कळवावा, तिकीट पुन्हा उघडू.’

‘जुने झाल्यामुळे बंद’ एवढीच टिप्पणी टाकणे तक्रारदाराच्या दृष्टीने अपमानास्पद असते, कारण त्याच्या यंत्रावरची त्रुटी जुनी होऊन निघून गेलेली नसते. आभार मानायला हरकत नाही, पण तीन ओळी आभाराच्या आणि कारणाची एकही नाही, असा मजकूर कोणाच्या उपयोगाचा नाही.

५. माहिती मागितली, पण तक्रारदाराचे उत्तर आले नाही. किती दिवस थांबावे?

मोठ्या प्रकल्पांच्या मुदती ठरलेल्या आहेत. केडीईमध्ये ‘माहिती हवी’ या स्थितीत १५ दिवस गेले की आठवण पाठवली जाते आणि ३० दिवस झाले की तिकीट आपोआप बंद होते. लाँचपॅडवर ‘अपूर्ण’ अशी खूण केलेले तिकीट ६० दिवस हालचाल न झाल्यास मुदतबाह्य होते. लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे गुणवत्ता पथक याहून बरेच सबुरीने घेते. तेथे सहा महिन्यांनंतर आठवण जाते आणि त्यानंतर आणखी महिनाभर वाट पाहून माहिती अपुरी असल्याच्या कारणाने तिकीट बंद केले जाते.

आपल्या भागातील प्रकल्पांनी ६० दिवसांपेक्षा कमी मुदत ठेवू नये असे आम्ही सुचवतो. आपले तक्रारदार रोज ट्रॅकर उघडणारे नसतात. निपाणीतील छापखान्याचा ऑपरेटर, खानापूर तालुक्यातील शाळेचा शिक्षक किंवा साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयातील कारकून स्वतःच्या कामात अडचण आली म्हणून एकदाच खाते उघडतो आणि तक्रार लिहितो. गळीत हंगाम सुरू झाला की त्या कारकुनाकडून मार्चपर्यंत उत्तराची अपेक्षा धरू नये. गणेशोत्सवाच्या तोंडावर छापखान्याकडूनही धरू नये. शिवाय ट्रॅकरचे ई-मेल बहुतेकांच्या जाहिरातींच्या कप्प्यात जातात. तक्रारदार ओळखीचा असेल तर फोन करून विचारावे आणि मिळालेले उत्तर, त्याच्या संमतीने आणि खासगी तपशील गाळून, स्वतः तिकिटात नोंदवावे.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. माहिती तक्रारदाराने दिलेली असेल आणि उत्तर मेंटेनरकडून यायचे राहिले असेल, तर ही मुदत लागू होत नाही. ‘माहिती हवी’ हे लेबल माहिती मिळाल्यावर काढायचे राहून जाते आणि मग ज्याने सगळे पुरवले त्याचेच तिकीट बंद पडते. बंद करण्यापूर्वी शेवटची टिप्पणी कोणाची आहे, एवढे तरी डोळ्यांखालून घालावे.

६. आम्ही स्टेल बॉट लावावा का?

आमचे मत सरसकट लावू नये असे आहे, पण अनेक चांगले प्रकल्प तो वापरतात, त्यामुळे त्याचे काम कसे चालते ते सांगतो. गिटहबवर सर्वाधिक वापरला जाणारा स्टेल बॉट कोणतीही सेटिंग न बदलता लावला, तर ६० दिवस हालचाल नसलेल्या तिकिटाला लेबल लावतो आणि त्यानंतर ७ दिवसांत ते बंद करतो. मध्ये कोणी टिप्पणी केली की लेबल निघते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कुबरनेटीसमध्ये यासाठी तीन टप्पे आहेत. ९० दिवसांनी ‘स्टेल’, आणखी ३० दिवसांनी ‘रॉटन’ (सडलेले) आणि त्यानंतरच्या ३० दिवसांनी बंद. तेथे तिकिटावर ‘फ्रोझन’ (गोठवलेले) ही आज्ञा दिली की बॉट त्याला हात लावत नाही.

बॉटची अडचण अशी की त्याला शांतता तेवढी दिसते. तक्रारदार गप्प आहे याचा अर्थ त्रुटी गेली असा होत नाही. पुष्कळदा त्याने दुसरे सॉफ्टवेअर घेतलेले असते किंवा चूक हाताने सुधारण्याची सवय लावून घेतलेली असते. ज्यांना खरोखर तळमळ असते ते दर दोन महिन्यांनी ‘अजून आहे’ असे लिहीत राहतात, तिकिटाखाली तशा वीस टिप्पण्या जमतात आणि कामाची माहिती त्यांत बुडून जाते.

लावायचाच असेल तर तो फक्त ‘माहिती हवी’ असे लेबल असलेल्या तिकिटांपुरता लावावा. तशी सेटिंग उपलब्ध आहे. पडताळून झालेल्या त्रुटी, सुरक्षेची तिकिटे आणि नवोदितांसाठी राखलेली कामे यांची लेबले अपवादांच्या यादीत टाकावीत. बंद करण्याची मुदत उणे एक ठेवली तर बॉट केवळ लेबल लावतो आणि बंद करण्याचा निर्णय माणसाकडे राहतो. लहान प्रकल्पाला एवढे पुरेसे आहे.

७. तक्रार ज्या आवृत्तीची आहे ती आवृत्तीच आता चालू नाही. मग थेट बंद करावी का?

फेडोरा या लिनक्स प्रणालीत याची ठरलेली रीत आहे. प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते. तिची मुदत संपत आली की त्या आवृत्तीवरील सर्व उघड्या तिकिटांवर पूर्वसूचना दिली जाते आणि मुदत संपल्यावर ती तिकिटे त्याच कारणाने बंद होतात. त्रुटी नव्या आवृत्तीतही असेल तर तक्रारदाराने दरम्यानच्या काळात तिकिटावरील आवृत्तीचा क्रमांक बदलायचा असतो. सूचना आधी मिळते आणि काय करायचे तेही तिच्यात सांगितलेले असते, म्हणून ही पद्धत न्याय्य वाटते.

ज्या प्रकल्पात अशी ठरलेली रीत नाही, तेथे आधी नव्या आवृत्तीवर तपासावे. यात एक सोयही असते. एखादा मूलभूत भाग बदलला गेला असेल तर त्याच्याशी संबंधित जुनी तिकिटे एकगठ्ठा तपासता येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या लिबरऑफिस ५.३ मध्ये मजकुराची मांडणी सर्व प्रणालींवर हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या घटकाकडे सोपवली गेली. त्याआधी विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरेच दिसणारे देवनागरी जोडाक्षर हा तक्रारींचा ठरलेला विषय होता. अशा बदलाआधीच्या तक्रारी नव्याने पडताळून बंद करणे किंवा ‘अजून आहे’ अशी नोंद करून उघड्या ठेवणे, हे मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

८. माझ्या यंत्रावर तर सगळे बरोबर दिसते. ‘आमच्याकडे चालते’ म्हणून बंद केले तर काय बिघडले?

देवनागरीच्या बाबतीत पुष्कळ बिघडू शकते. एक उदाहरण सविस्तर पाहू. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या साधनावर तक्रार येते की ‘दऱ्या’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. मेंटेनर फाईल उघडतो, शब्द डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो, शोधखिडकीत तो त्याच फाईलमधून चिकटवून पाहतो, सापडतो, आणि तिकीट बंद होते.

तक्रार मात्र खरी असते. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ्य दोन प्रकारांनी लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि य येतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारे शून्यरुंदीचे जोडचिन्ह आणि मग य येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमालिका असल्यामुळे एक प्रकार टंकून शोधले तर दुसरा सापडत नाही. साधनाने फाईलमध्ये एक प्रकार लिहिलेला असतो आणि तक्रारदाराच्या कळफलकातून दुसरा उमटत असतो. मेंटेनरने शब्द चिकटवला म्हणून त्याला सापडला. टंकला असता तर कदाचित सापडला नसता.

म्हणून ‘आमच्याकडे चालते’ हे कारण देण्यापूर्वी तक्रारदाराचीच फाईल, त्याचीच प्रणाली आणि शक्य असल्यास त्याचाच कळफलक घेऊन पाहावे. स्क्रीनशॉट पुरेसा नसतो, कारण न दिसणारे चिन्ह त्यात उमटत नाही. एवढे करूनही त्रुटी दिसली नाही तर कोणत्या प्रणालीवर, कोणत्या फाँटने आणि कसे तपासले ते लिहून तिकीट बंद करायला काहीच हरकत नाही.

९. दोष आमच्या साधनात नाही, फाँटमध्ये आहे. तिकीट आमच्याकडे कशाला उघडे ठेवायचे?

उघडे ठेवण्याची सक्ती नाही, पण मूळ प्रकल्पाकडे तक्रार नोंदवून तिचा दुवा आपल्या तिकिटात दिल्याशिवाय ते बंद करू नये. तक्रारदाराला दार कोणते हे ठाऊक नसते. त्याला फक्त श आणि ल हिंदी वळणाचे दिसतात एवढेच कळते.

येथेही आधी खात्री करून घ्यावी. अनेक देवनागरी फाँटांत मराठी वळणाचे श आणि ल असतातच, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे साधनाने कळवले तरच ते वापरात येतात. तसे कळवलेले नसेल तर दोष फाँटचा नसून आपलाच आहे.

१०. एकाच त्रुटीची दोन तिकिटे आहेत. नेहमी नंतरचेच बंद करायचे का?

सर्वसाधारण रीत तशी आहे, पण ती बंधनकारक नाही. ज्या तिकिटात त्रुटी पुन्हा घडवून दाखवण्याची पद्धत स्पष्ट लिहिली आहे ते ठेवावे, मग ते नंतरचे असले तरी चालेल. दोन्ही तिकिटांत एकमेकांचा दुवा द्यावा आणि बंद होणाऱ्या तिकिटात एखादी उपयुक्त फाईल असेल तर ती चालू तिकिटात हलवावी. गिटलॅब या गिटहबसारख्याच संकेतस्थळावर ‘डुप्लिकेट’ ही आज्ञा लिहिली की तिकीट बंद होऊन दुसऱ्याशी जोडलेही जाते.

दोन तक्रारी सारख्या दिसल्या तरी कारणे निराळी असू शकतात. तशी शंका असल्यास दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही उघडी ठेवणे बरे.

११. दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल सामील करण्याची विनंती) स्वीकारली, तरी तिकीट आपोआप बंद झाले नाही. असे का?

गिटहबवर पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस’, ‘क्लोजेस’ किंवा ‘रिझॉल्व्ज’ यांपैकी एक शब्द आणि त्यापुढे तिकिटाचा क्रमांक असावा लागतो. हे शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात. ‘दुरुस्त केले’ असे मराठीत लिहिल्यास जोडणी होत नाही. बदल मुख्य शाखेत सामील झाला तरच तिकीट बंद होते. एकाच पुल रिक्वेस्टने तीन तिकिटे बंद व्हायची असतील तर प्रत्येक क्रमांकापूर्वी तो शब्द पुन्हा लिहावा. नुसता स्वल्पविराम देऊन क्रमांक लिहिले तर पहिलेच तिकीट बंद होते.

याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. अर्धीच दुरुस्ती केली असताना ‘फिक्सेस’ लिहिले, तर उरलेल्या अर्ध्यासह तिकीट बंद होते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१२. तक्रार मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिली आहे. भाषेच्या कारणावरून बंद करता येईल का?

प्रकल्पाच्या सहभाग नियमांत इंग्रजीची अट असली तरी थेट बंद करू नये. भाषांतर होईपर्यंत तिकीट उघडे ठेवावे आणि भाषांतर करू शकणाऱ्याला त्यात बोलवावे. आपल्या भागात ते अवघड नाही. चिक्कोडी-हुक्केरीकडे एकाच तक्रारीत पहिली ओळ मराठीत, दुसरी कन्नडमध्ये आणि त्रुटीचा संदेश इंग्रजीत, हे नेहमीचे आहे. तिकिटाखाली चार ओळींचा इंग्रजी सारांश लिहून मूळ मजकूर तसाच ठेवावा, कारण लिपीच्या त्रुटीचा पुरावा बहुधा त्या मूळ मजकुरातच असतो.

१३. मागणी योग्य आहे, पण आम्ही ती पूर्ण करणार नाही. असे उघड सांगावे, की तिकीट पडून राहू द्यावे?

उघड सांगावे. वर्षानुवर्षे ‘पाहू’ म्हणत ठेवलेल्या तिकिटापेक्षा कारणासह दिलेला नकार तक्रारदाराच्या अधिक उपयोगी पडतो, कारण त्याला दुसरा मार्ग शोधता येतो.

लिप्यंतराच्या साधनांवर वारंवार येणारी एक मागणी पाहा. कन्नडमध्ये ऱ्हस्व ऎ आणि दीर्घ ए असे दोन स्वर आहेत, आणि देवनागरीत ऱ्हस्व स्वरासाठी युनिकोडचे वेगळे चिन्हही आहे. काटेकोर लिप्यंतर करायचे तर गावाचे कन्नड नाव ‘बॆळगावि’ असे लिहावे लागेल. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते हवे असते. नोंदवहीत नावे उतरवणाऱ्या कारकुनाला मात्र ते चिन्ह छपाईचा दोष वाटते. अशा वेळी सर्वांसाठी बदल करणार नाही असे सांगून, ‘नियोजनात नाही’ या कारणाने तिकीट बंद करणे रास्त आहे. कोणी ऐच्छिक सेटिंग म्हणून तो बदल लिहून आणल्यास विचार करू, असे त्यातच जोडावे. अर्थात खरोखर विचार करणार असाल तरच.

१४. एका विद्यार्थ्याने काम अंगावर घेतले आणि नंतर त्याचा पत्ता नाही. तिकीट बंद करायचे का?

नाही. काम सोडून दिले म्हणून त्रुटी सुटत नाही. फक्त त्याचे नाव काढावे आणि काम पुन्हा खुले असल्याची नोंद करावी. ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्त स्रोत योगदानाच्या उपक्रमाच्या निमित्ताने ‘हे मला द्या’ अशा टिप्पण्यांची लाट येते आणि त्यानंतर व्हीटीयू या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या सत्र परीक्षा आल्या की ती ओसरते. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काम देतानाच परत घेण्याची तारीख सांगून ठेवावी.

१५. माझे तिकीट कारण न देता बंद केले. आता मी काय करू शकतो?

गिटहबवर आपले तिकीट आपण स्वतः बंद केले असेल तर ते पुन्हा उघडता येते, पण मेंटेनरने बंद केलेले तक्रारदाराला उघडता येत नाही. त्यामुळे आधी त्याच तिकिटात टिप्पणी करावी. त्यात सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक, त्रुटी अजून दिसते याचा पुरावा आणि तिकीट पुन्हा उघडण्याची विनंती असावी. ‘दोन वर्षे झाली, कोणी लक्ष देत नाही’ हे खरे असले तरी त्याने काम पुढे सरकत नाही. कुबरनेटीससारख्या प्रकल्पांत तक्रारदार ‘रीओपन’ ही आज्ञा लिहून बॉटकडूनच ते उघडून घेऊ शकतो.

दुरुस्ती एकदा प्रसिद्ध झाली होती आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत तीच त्रुटी पुन्हा आली असेल, तर बहुतेक प्रकल्पांना नवे तिकीट आणि त्यात जुन्याचा दुवा हवा असतो, कारण त्रुटीचे मूळ बहुधा नवे असते. तोच मजकूर चिकटवून दर आठवड्याला नवे तिकीट उघडणे मात्र कोणत्याच प्रकल्पात खपवून घेतले जात नाही.

१६. गावाच्या नावावरून वाद असलेले तिकीट कसे हाताळावे?

हा प्रश्न बाहेरच्या मेंटेनरांना कळत नाही आणि आपल्याला टाळता येत नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने शहराचे अधिकृत नाव बेळगावी केले. मराठी माणूस बेळगाव म्हणतो आणि लिहितो. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे नकाशा, हवामान किंवा टपालाच्या पत्त्यांच्या कोणत्याही प्रकल्पात ‘नाव चुकीचे आहे’ असे तिकीट दोन्ही बाजूंनी येत राहते आणि खाली शंभर टिप्पण्या होतात.

असे तिकीट ‘वादग्रस्त’ म्हणून बंद केल्याने काही साधत नाही, पुढच्या महिन्यात दुसरे उघडते. प्रकल्पाचा नियम शोधावा आणि त्याच्या आधारे निर्णय लिहावा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या प्रकल्पात प्रत्यक्ष जागेवर जे वापरात आहे ते मुख्य नाव, असे तत्त्व आहे आणि त्याशिवाय प्रत्येक भाषेतील नावासाठी वेगळी नोंद करता येते. मराठी नोंदीत बेळगाव आणि कन्नड नोंदीत बेळगावी असे ठेवले की तांत्रिक प्रश्न बहुतांशी सुटतो. राजकीय प्रश्न सोडवण्याची जागा इश्यू ट्रॅकर नव्हे. निर्णयाची टिप्पणी लिहून तिकीट बंद करावे आणि चर्चा हातघाईवर आली असेल तर त्याला कुलूप घालावे. कुलूप घातल्यावर केवळ लेखनाचे अधिकार असलेलेच टिप्पणी करू शकतात, म्हणून मेंटेनरांनीही त्यानंतर शेवटचा शब्द आपला असावा या हौसेने काही लिहू नये.

१७. सुरक्षेशी संबंधित जुने तिकीटही याच नियमांनी बंद करावे का?

नाही. ते मुदतीवर किंवा तक्रारदाराच्या मौनावर बंद होता कामा नये, आणि बॉटच्या अपवादांत ते असलेच पाहिजे (प्रश्न ६). दोष दुरुस्त झाला किंवा तो दोष नाही असे तपासाअंती ठरले, एवढ्याच कारणांनी ते बंद करावे.

१८. चारशे तिकिटे साचली आहेत. एकदाच सगळी बंद करून नव्याने सुरुवात करावी का?

अनेकांना हा मोह होतो आणि काही प्रकल्पांनी तसे केलेही आहे. त्याआधी दुसरी बाजू पाहावी. पायथॉन भाषेच्या सीपायथॉन या प्रकल्पाने २०२२ मध्ये आपला जुना ट्रॅकर सोडून गिटहबवर स्थलांतर केले, तेव्हा नवी सुरुवात करण्याची आयती संधी होती. तरीही जुनी तिकिटे सोबत आणली गेली.

लहान प्रकल्पाने रोज पाच तिकिटे वाचली तरी चारशेंचा ढीग तीन महिन्यांत उपसला जातो. दोघांनी वाटून घेतल्यास त्याच्या निम्म्या वेळात. सुरुवात डुप्लिकेटपासून करावी, कारण त्यात वाद नसतो. मग आधीच दुरुस्त झालेली तिकिटे घ्यावीत, मग माहितीअभावी अडलेली, आणि नकार द्यावयाची शेवटी. एकगठ्ठा बंद करायचेच ठरले तर निदान महिनाभर आधी तशी सूचना प्रत्येक तिकिटावर द्यावी, ‘नियोजनात नाही’ हे कारण निवडावे आणि त्यासाठी एक वेगळे लेबल ठेवावे, म्हणजे पुढे कोणाला ती सगळी पुन्हा तपासायची झाल्यास वेगळी काढता येतील. एकाच रात्री चारशे तिकिटे बंद केली तर सर्व सदस्यांना तेवढे ई-मेल जातात, हेही ध्यानात असू द्यावे.

१९. प्रकल्पच थांबवत आहोत. उघड्या तिकिटांचे काय करावे?

रिपॉझिटरी संग्रहित करण्यापूर्वी ती बंद करावीत. गिटहबवर संग्रहित रिपॉझिटरी केवळ वाचनापुरती उरते. त्यानंतर तिकीट बंदही करता येत नाही आणि त्यावर टिप्पणीही लिहिता येत नाही, त्यामुळे उघडे राहिलेले प्रत्येक तिकीट कायमचे ‘चालू काम’ म्हणून दिसत राहते. बंद करताना प्रकल्प थांबल्याचे कारण द्यावे आणि दुसऱ्या कोणी तो पुढे चालवायला घेतला असेल तर त्याचा दुवा प्रत्येक तिकिटात व माहितीच्या मुख्य फाईलमध्ये द्यावा. नवी रिपॉझिटरी त्याच खात्यात किंवा संस्थेत असेल तर तिकिटे बंद करण्याऐवजी तिकडे हलवता येतात. खाते वेगळे असेल तर ज्यांच्यात त्रुटी पुन्हा घडवण्याची पद्धत नीट लिहिलेली आहे अशी तिकिटे नव्या मेंटेनरला आधी दाखवावीत, त्याने तिकडे नवी नोंद केली की येथील तिकिटात तिचा दुवा द्यावा, आणि मगच संग्रहित करण्याचे बटण दाबावे.